कुवारीचं हाड

नवस बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. सत्तावीस वर्षं मी शहादा तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतोय. देवाला लाच देऊ नका रे, असं मी दरवर्षी नववीच्या वर्गाला बजावतो आणि पोरं हसतात. घरी मात्र माझं काहीही चालत नाही. माझी बायको छबूबाई रस्त्याने जाणाऱ्या पालखीलासुद्धा दारातून काहीतरी कबूल करून बसते आणि मग वर्षभर ते फेडत फिरते. मी कुरकुरतो, मोटारसायकल काढतो, तिला नेतो आणतो. असा आमचा संसार.

काजल आमची एकुलती एक. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली, त्यामुळे तिच्या जन्माचे नवस फेडता फेडताच ती पहिलीत गेली. यंदा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणाली, तिसऱ्या दिवशी तापाने फणफणली, चौथ्या दिवशी आईला ओळखेना. नंदुरबारच्या दवाखान्यात आणेपर्यंत वाटेत दोनदा झटके आले. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे. का आली ते एकाही रिपोर्टात सापडलं नाही. सुरतेला हलवू का विचारलं, तर म्हणाले, सर, वाटेत तिला झेपणार नाही.

दहा दिवस ती डोळे मिटून पडून होती. आयसीयूच्या काचेतून आम्हाला तिची टाळू आणि एक पाऊल दिसायचं. पावलावरची मेंदी अजून पूर्ण गेली नव्हती. ती पाहिली की मी उगाच कुणावर तरी खेकसायचो.

अकराव्या दिवशी सकाळी वॉर्डातली सिस्टर रूपा छबूबाईजवळ येऊन बसली. ही नवापूरकडची, ख्रिस्ती, कामाला चोख आणि बोलायला मऊ. तिने सांगितलं, अक्कलकुव्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचं एक जुनं मिशन आहे. तिथे वेदीमागच्या खोलीत जुन्या वस्तूंचं भांडार आहे आणि त्यात एका संतबाईचं हाड आहे. आमचे लोक आजारपणात तिथे जाऊन मागणं मागतात. मावशी, तुम्हीही जाऊन या, देव काय एकाच दाराचा असतो का.

“चाला,” छबूबाई म्हणाली आणि पदर खोचून उभीच राहिली.

“हाड?” मी म्हणालो. “आते हाडासले बी नवस बोलशी का तू?”

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. दहा दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. मी मुकाट्याने गाडीची चावी शोधू लागलो. खरं सांगायचं तर त्या काचेसमोरून कुणी मला तीन तास हलवतंय, याचं मला बरंच वाटलं होतं.

मिशनचे फादर वांग्यांना पाणी घालत होते. चुनीलाल वसावे त्यांचं नाव, तिथल्याच एका पाड्यातले, पंचेचाळिशीचे. आमचं ऐकून घेतलं, हातपाय धुतले, पांढरा झगा चढवला आणि झग्याच्या खिशातून किल्ली काढली. देवळात जाताना काढतो तशा आम्ही चपला बाहेर काढल्या. राहू द्या, चालतं, असं ते म्हणाले, तरी आम्ही काढल्याच.

खोली लहान होती, एका माणसाने हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी. एक लोखंडी कपाट. फादर हसून म्हणाले, परदेशातल्या मोठ्या कॅथेड्रलांमध्ये अशा वस्तूंची दालनंच्या दालनं असतात, पहारेकरी असतात, तिकीट असतं. आमचं भांडार एवढंच आहे. मग त्यांनी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. आतला मुलामा उडालेला चांदीचा चषक. जरीचा झगा, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेला. हस्तिदंती क्रूस, त्यावरच्या येशूचा एक हात तुटलेला. सगळं एका गोऱ्या फादरने फार पूर्वी बोटीने आणलेलं. मी वर्गात वस्तू न्याहाळतो तसं सगळं न्याहाळत होतो. छबूबाई कशाकडेच बघत नव्हती. तिला हाड हवं होतं.

ते सर्वात शेवटी निघालं. पितळेची बैठक, वर सूर्यासारखी किरणं, मधोमध रुपयाएवढी काच. काचेआड लाल रेशमावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक पिवळट तुकडा दोऱ्याने बांधलेला होता. मागच्या बाजूला लाखेची मोहोर. मी मनात म्हटलं, हे कशाचंही असू शकतं.

“कोन्हं शे हाई?” छबूबाईने विचारलं.

“एका मुलीचं, काकू. फार जुनी गोष्ट. देवाला सोडत नाही म्हणून तिला मारलं. तुमच्या लेकीएवढीच होती म्हणतात.”

“नाव काय शे तिन्हं?”

“आत चिठ्ठी आहे, पण अक्षरं उडून गेली. कुमारी या अर्थाचा एकच लॅटिन शब्द उरलाय. म्हणून आमचे लोक तिला कुवारी म्हणतात.”

“आनि बाकीनी ती?”

“बाकीचे अवशेष ठिकठिकाणच्या चर्चना दिले गेले. जगभर.”

छबूबाई एकदम मागे सरकली. “म्हंजे तिले कोनी बुडावंच नही?”

“आमच्यात बुडवत नाहीत, काकू. आम्ही जपून ठेवतो.”

तिने डोळे मिटले. ओठ हलत होते. काय मागते आहे ते मला माहीत होतं, पण चेहऱ्यावर मागणाऱ्याचा भाव नव्हता. शेजारच्या घरातली पोर उपाशी असल्याचं कळल्यावर तिचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता.

आमच्याकडे माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी राख सावडतात आणि अस्थी प्रकाशा गावच्या घाटावर नेऊन तापीत सोडतात. त्या सोडेपर्यंत घरातल्या बायका अंगाला अंग लावून बसून राहतात, मोठ्याने बोलतसुद्धा नाहीत. जाणारा अजून उंबऱ्यातच उभा आहे असं समजतात. माझे वडील पावसाळ्यात गेले, वाटेतल्या ओढ्याला पूर होता, अस्थी दोन दिवस उशिरा पोचल्या. ते दोन दिवस माझी आई आणि ही, दोघी पाण्याशिवाय बसल्या होत्या. तेव्हा कपाटात शेकडो वर्षं ठेवलेली पोर बघून हिला काय वाटलं असेल, हे मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं ते परतीच्या रस्त्यावर, तळोद्याच्या अलीकडे, तिने मागून माझ्या कानाशी सांगितलं तेव्हा.

“मी तिले सांगं, मन्ही पोरले उठाड. ती उठनी का मी तुले तापीमा सोडसू.”

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंदच केली.

“काय सोडशी? ते हाड?”

“हाव.”

“ती वस्तू तुन्ही शे का?” मी ओरडलो. बाजूने उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्यावरची माणसं वळून बघू लागली. “नारय बोलनं व्हतं, पातळ बोलनं व्हतं! दुसराना घरमायली वस्तू परस्पर बोली बठनी! फादर देतीन का तुले?”

“तिन्हं हाड तिलेच तर देवानं शे,” ती शांतपणे म्हणाली. “कितली वरीस व्हयनात, बिचारी कपाटमा पडेल शे. तिले दुसरं काय पायजे व्हई? तुम्हीच सांगा.”

मी गाडीला किक मारली.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता काजलने डोळे उघडले.

मी खोटं बोलत नाही. सिस्टर रूपा धावत बाहेर आली, आम्हाला आत नेलं, आणि काजल आईकडे बघून म्हणाली, “आई, पानी.” घोगरा, फाटका आवाज, पण तिचाच. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. डॉक्टर म्हणाले, परवापासून सुरू केलेलं औषध लागू पडतंय. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. औषध, औषध, औषध. छबूबाईने ते ऐकलंच नाही. तिने लेकीच्या ओठांवर चमच्याने पाणी घातलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “सकायमा निंघूत. उशीर नको.”

फेडायला उशीर केला की दिलेलं परत जातं, हा तिचा कायदा.

दुसऱ्या दिवशी मी शरमेने मान खाली घालून फादरांच्या व्हरांड्यात बसलो होतो. छबूबाईने त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते हसतील किंवा चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

“काकू, ते माझं नाही. आधीच्या फादरांनी माझ्या हाती दिलं, मी पुढच्यांच्या हाती द्यायचं. मी ते कुणालाच देऊ शकत नाही. तुमच्या लेकीसाठी मी रोज मिस्सा, म्हणजे वेदीवरची प्रार्थना, अर्पण करीन. रोज.”

“तुम्हनी पोर ऱ्हाती तर अशी कपाटमा ठेवतात का?”

मी तिला गप्प करायला पुढे झालो. फादरांनी मला हाताने थांबवलं.

“ठेवली असती, काकू,” ते म्हणाले. “हरवू नये म्हणून ठेवली असती.”

“नदीमा सोडेल मानूस हरावत नही, बाबा. ते घर जास.” आणि तिने खाली बसून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. फादर इतके गडबडले की तेही खाली बसले. दोघं समोरासमोर जमिनीवर बसलेली, दोघांच्याही डोळ्यांत पाणी, आणि कुणीच चुकत नव्हतं. मला दोघांचाही राग आला. तो राग कशाचा होता ते मला आता कळतं. मला भीती वाटू लागली होती.

परतताना ती सारखी मागे वळून डोंगराकडे बघत होती.

तेराव्या दिवशी पहाटे काजलचा ताप पुन्हा चढला. सकाळी सातला झटका आला, साडेसातला दुसरा, आणि आठला त्यांनी तिच्या घशात नळी घातली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. सूज वाढलीय, उद्या सकाळपर्यंत काय ते कळेल, तुम्ही शिकलेले आहात म्हणून स्पष्ट सांगतोय, असं म्हणाले. शिकलेला माणूस काय करतो? मी मान डोलावली आणि थँक यू म्हणालो.

छबूबाई काचेपासून लांब, जिन्याच्या कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. मी म्हटलं, चल, बघून घे तिला. ती उठेना.

“मी नही येस. मन्ही सावली नको पडाले तिन्हावर.”

“काय बोली ऱ्हायनी तू?”

“मी बोलनू आनि दिन्हं नही. ती परत लई ऱ्हायनी आपली पोर.” तिने माझ्या पँटचा पाय धरला. एवढी वर्षं जिने माझ्याशी कायम वरच्या पट्टीत वाद घातला, ती बाई माझा पाय धरून बसली होती. “काजलना बाप, मी तठे जास. दगड लिसू, कपाट फोडसू. मंग माले जेलमा टाका नाहीतर काहीबी करा.”

आणि ती खरंच उठली. अनवाणी, पदर सुटलेला, जिना उतरायला लागली. तिने ते केलंच असतं. मी तिचा दंड पकडला आणि तिला परत बसवलं.

“तू बठ आठे. मी जास. मी लई येस ते.”

“देतीन?”

“मी मांगस ना. देतीन.”

खाली येऊन मी गाडीवर बसलो तेव्हा मला खरोखरच अक्कलकुव्याला जायचं होतं. पण जाऊन काय करणार होतो? फादर देणार नव्हते आणि देऊही नये, हे माझं मलाच पटलेलं होतं. चोरायचं धाडस माझ्यात नाही. आणि मुळात या हाडाने माझी पोर जगणार किंवा मरणार नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं ना? मग हिला हवंय ते हिच्या हातात पडलं की झालं. तिला घास जाईल, पोरीजवळ जाऊन बसेल. पोर गेलीच तर निदान तिच्या शेजारी आई असेल. असा हिशोब करत मी बाजाराकडे वळलो.

अनीसचं मटणाचं दुकान मला ठाऊक होतं ते त्याच्या मुलीमुळे, मंतशामुळे, ती काजलच्या वर्गात. आत मात्र मी कधी पाय ठेवला नव्हता. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

“सर? काजलनी तब्येत कशी शे? मंतशा रोज इचारस.”

“बरी शे,” मी म्हणालो. “अनीसभाई, एक हाड पायजे. बारीक.”

“कुत्राले का?”

“हाव.”

त्याने ठोकळ्यावरचं नळीचं हाड घेतलं, सत्तूरच्या पाठीने ठेचलं आणि मूठभर कपच्या कागदात बांधून दिल्या. वर म्हणाला, अल्ला पोरीला बरं करील. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

त्यानंतर मी जे केलं ते मला चांगलं जमलं, हीच लाजिरवाणी गोष्ट. मेडिकलमधून जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड घेतलं. बसस्टँडमागच्या नळावर बसून ज्वारीच्या दाण्याएवढी कपची निवडली, दगडावर घासून कडा गोल केल्या, बाटलीच्या झाकणात भिजत ठेवली. पेरॉक्साइडचा फेस आला, रक्ताचा रंग गेला. मग चहाच्या टपरीवरून घेतलेल्या उकळत्या कोऱ्या चहात बुडवली, म्हणजे जुनाट रंग चढेल. नववीच्या पोरांना मी हे प्रयोग म्हणून दाखवलं असतं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तीन तास काढायचे होते, अक्कलकुव्याला जाऊन आलोसं वाटायला. ते मी त्या नळावर काढले. तिकडे माझी पोर नळीतून श्वास घेत होती आणि मी बकऱ्याच्या हाडाला रंग देत होतो.

लाल कापडात गुंडाळून मी ते छबूबाईच्या ओंजळीत ठेवलं. तिने उघडून पाहिलं, कपाळाला लावलं.

“फादरनी दिन्हं?”

“दिन्हं.”

“कितलं मोठं मन त्या मानूसनं,” ती म्हणाली आणि उत्तरेकडे तोंड करून हात जोडले. मग तेरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून जराशी हसली. “आनि तुम्हीबी. माले वाटनं व्हतं, तुम्ही जावावच नही.”

दुपारी तीनला आम्ही प्रकाशाच्या घाटावर होतो. पाणी भरपूर होतं, हिरवट, संथ. यात्रेकरू जेवून झाडाखाली लवंडले होते. एक गुरुजी मोकळे मिळाले. दहा मिनिटांत उरकून परत फिरायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सिस्टर रूपाला सांगून आलो होतो, काही झालं तर फोन कर. मोबाइल शर्टाच्या खिशात होता आणि त्याचं वजन मला जाणवत होतं.

गुरुजींनी लाल कापड उघडून बघितलं. “एवढंच?”

“एवढंच ऱ्हायनं,” छबूबाई म्हणाली.

“कोणाच्या अस्थी?”

“पोर शे. कुवारी.”

“नाव?”

“माहीत नही.”

“गोत्र?”

छबूबाईने माझ्याकडे पाहिलं आणि मग ठामपणे म्हणाली, “आमनंच लावा. तिले आते कोनी नही. आमनीच आंडेर, आमनीच पोर समजा.”

“वय?”

“एकोनीस.”

गुरुजींना रोजचं काम, त्यांनी फारसा विचार केला नाही. माझ्या बोटात दर्भाची अंगठी चढवली, कारण बाप म्हणून कर्ता मीच. मला गुडघाभर पाण्यात उभं केलं. तो तुकडा, थोडे तीळ आणि एक फूल माझ्या ओंजळीत ठेवलं. पुटपुटत काही मंत्र म्हणाले आणि मग मराठीत म्हणाले, “म्हणा माझ्या मागोमाग. आमच्या गोत्रातली...”

“आमच्या गोत्रातली,” मी म्हणालो.

“एकोणीस वर्षांची आमची कन्या...”

माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

ओंजळीत बकऱ्याचं हाड होतं. कुवारी तिकडे डोंगराखाली, कपाटात, काचेआड. इथे या पाण्यात तिचं काहीच नव्हतं. मग मी हे म्हणत होतो ते कोणासाठी? आमच्या गोत्रातली एकोणीस वर्षांची कन्या या जगात एकच होती, आणि ती नंदुरबारला नळीवर श्वास घेत होती. मी भर दुपारी, पाण्यात उभा राहून, बोटात दर्भ घालून, माझ्या जिवंत पोरीला पोचवायला निघालो होतो.

“म्हणा,” गुरुजी म्हणाले. “आमची कन्या...”

“म्हना ना,” मागून छबूबाई म्हणाली.

“नही!” मी ओरडलो. झाडाखालची माणसं उठून बसली. मी ओंजळ उलटी करून सगळं काठावर फेकलं, दर्भ तोडला. “नही म्हनस मी! हाई तिन्हं नही शे! हाई बकराना हाडूक शे, अनीसना दुकानमायलं! फादरनी काहीच दिन्हं नही. मी तठे गयाच नही.”

गुरुजी शिव्या देत उठले, पळी-पंचपात्र उचलून निघून गेले. त्यांचं काहीच चुकलं नाही. छबूबाई पायरीवर उभी होती. मला वाटलं ती आता मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“तुम्ही ते मानतस नही ना?” ती म्हणाली. “सारी उमर हासनात माले. मंग म्हनी टाकतात. दोन शब्द ते व्हतात.”

“म्हनता उनं नही.”

“काब्र?”

का म्हणून ते सांगण्याऐवजी मी ओल्या हाताने खिशातला मोबाइल चाचपला.

मग ती खाली बसली, पायरीवर, आणि दोन्ही हातांनी डोकं धरून पुढे-मागे हलू लागली. “आते काय देऊत तिले? बोलनूत ते आपलं नव्हतं. लयनूत ते खोटं. दोनदाव फसावं तिले. आते काय देऊत वो, काय शे आपलं?”

वारा पडला होता. तिच्या त्या प्रश्नाने माझ्या आतलं सगळं शिकणं-शिकवणं, सत्तावीस वर्षांची बडबड, सगळं कुठल्याकुठे गेलं. माझ्याकडे एकच गोष्ट होती जिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता. मी पाण्यात आणखी पुढे गेलो, कमरेपर्यंत. सातपुड्याकडे तोंड केलं. हात जोडायची सवय नसल्याने ते कसे जोडले मला आठवत नाही.

“कुवारीबाई,” मी म्हणालो. आवाज माझा वाटत नव्हता. “मी हेमराज. काजलना बाप. तुले आठे आनाले माले जमनार नही. पन मन्ह्या हाडका मन्ह्याच शेतस. मी मरनू का मन्हं एक बी हाडूक या पानीमा...”

छबूबाई धावत पाण्यात आली आणि तिने ओला तळहात माझ्या तोंडावर दाबला.

ती हे का करते आहे ते मला कळलं. तापीत सोडलेली माणसं पलीकडे एकमेकांना भेटतात, असं ती मानते. तिचे आईवडील, माझे आईवडील, आमच्या आधी गेलेली सगळी तिथे आहेत, आणि आपण दोघंही जाऊ, मागेपुढे का होईना. भांडण झालं की ती म्हणायची, तठे बी तुम्हीच शेतस मन्हा नशीबमा, आणि मी हसायचो. मी आता जे बोलत होतो ते पुरं झालं, तर मी तिथे कधीच येणार नव्हतो. कपाटातल्या त्या पोरीसारखा नदीबाहेरच राहणार होतो. आणि माझी हाडं पाण्यापासून दूर ठेवायचं काम हिलाच करावं लागणार होतं, स्वतःच्या हाताने.

तिचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. तिने माझ्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, कपाळ, भुवया, पिकलेल्या मिशा, जणू लांबच्या प्रवासाला निघालेल्याचं सगळं नीट घेतलंय ना ते बघत होती. खिशातला मोबाइल अजून वाजला नव्हता.

मग तिने हात काढला.

“बोला,” ती म्हणाली. “पुरं बोला. तिले आयकू जाई असं जोरमा बोला.”